सरदारच्या नावावर

"सरदार! सरदार कोण आहे?"

काउंटरवरच्या मुलीने दुसऱ्यांदा हाक मारली, तरी कोणी उठलं नाही. एका बाकावर टोपलीतलं मांजर गुरगुरत होतं, शेजारी एक बाई मांडीवर ससा घेऊन बसल्या होत्या. कोपऱ्यात कवळीकाका आपल्या कुत्र्याच्या कानामागे खाजवत भिंतीवरचं जंतांचं चित्र बघत होते. किती गलथान असतात लोक, असं त्यांच्या मनात आलं. इथे नंबर लागतोय आणि यांना पत्ता नाही! तेवढ्यात काकूंनी त्यांना कोपर मारलं.

"अहो, आपण."

"आपण काय?"

"सरदार आपण!"

काका ताडकन उठले. "हो हो, आम्हीच. आम्हीच सरदार."

सशावाल्या बाई फसकन हसल्या. कुत्र्याने मात्र 'सरदार' ऐकताच कान टवकारले होते, शेपटी हलवायला सुरुवात केली होती, आणि डॉक्टरच्या खोलीकडे पाठ करून तो बाहेरच्या दाराकडे टक लावून उभा होता.

"नाव बरोबर ओळखतो हं," मुलगी कौतुकाने म्हणाली.

"हुशार आहे," काका म्हणाले, आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

कारण नाव तो ओळखत होता, पण ते त्याचं नव्हतं. त्याचं नाव वाटाणा. सरदार हा त्याचा भाऊ, एका वेताचा. तो काकांच्या धाकट्या बहिणीकडे होता. सरदार म्हटलं की आपला भाऊ आला, एवढंच वाटाण्याला ठाऊक, म्हणून तो दाराकडे बघत होता. आता भाऊ येईल, आपण दोघं मिळून त्या सशाची खबर घेऊ, असा काहीसा त्याचा बेत असावा.

काकांना सगळा मोहल्ला कवळीकाका म्हणायचा, कारण दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या बनवायच्या एका तळघरातल्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला होता. साचा ओतायचा, मेणात दात बसवायचे, हिरडीचा रंग जुळवायचा, घासून गुळगुळीत करायचं. माणूस कधी दिसायचा नाही, नुसता जबडा यायचा. "हसणं त्यांचं, दात आमचे," असं काका म्हणायचे, आणि लग्नकार्यात कोणी खळखळून हसलं की हळूच काकूंना सांगायचे, "वरची ओळ आपली आहे." काकू म्हणायच्या, "गप्प बसा, मागाल नाहीतर परत."

मग कारखान्यात यंत्र आलं. ते दात छापायचं, पुस्तक छापावं तसे. मालक चांगला माणूस. काकांना काढलं नाही, "तुम्ही आपले आठवड्यातून तीन दिवस या," म्हणाला. पगारही तीन दिवसांवर आला, हे त्याने वेगळं सांगितलं नाही.

वाटाण्याला मुलाने आणलं होतं. हौस त्याची. नोकरीला लांब गेला तेव्हा कुत्रं इथेच राहिलं, आणि "बाबा, याचा विमा उतरवा, आजकाल सगळे उतरवतात," एवढा सल्लाही मागे राहिला. तेव्हा हप्ता अगदीच किरकोळ होता. वर्षं गेली. वाटाणा दगडासारखा ठणठणीत, डॉक्टरचं तोंड बघायला लागलं नाही, आणि हप्ता मात्र दर वर्षी थोडा थोडा फुगत गेला. कुत्र्याने आठवं वर्ष ओलांडलं आणि हप्त्याने एकदम उडीच मारली. काकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं, मग विमा कंपनीला फोन लावला.

"साहेब, तुमचं बाळ आता ज्येष्ठ गटात गेलंय," पलीकडची मुलगी मधाळ आवाजात म्हणाली.

"बाळ नाही हो ते, कुत्रं आहे."

"हो साहेब. ज्येष्ठ गटात हप्ता थोडासा वाढतो."

"थोडासा? अहो, एवढ्यात माझा स्वतःचा विमा उतरेल!"

"तुमचाही उतरवायचा आहे का साहेब?"

काकांनी फोन ठेवला आणि तरातरा स्वयंपाकघरात गेले. "इतकी वर्षं घेतले ना पैसे? तेव्हा हा शिंकला तरी होता का? आता दुखण्याखुपण्याचं वय आलं, तर म्हणे दुप्पट-तिप्पट मोजा. आणि माझं वय वाढलं तर पगार का कमी होतो, हे विचारा कोणीतरी!"

"मला कशाला ओरडता? मी काय कंपनी काढलीय?" काकू म्हणाल्या. "पण भरून टाका. काटकसर करू कुठेतरी."

"काही होत नाही त्याला. बघ की, कसा वळूसारखा आहे."

हप्ता भरला नाही. विमा गेला. आणि पुढच्या उन्हाळ्यात वाटाण्याच्या पोटाला हाताला लागेल अशी गाठ आली. नियतीलाही जागा बरोबर सापडते, नाही का!

जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात एकट्यानेच चौकशी करून, ऑपरेशनचा आकडा ऐकून काका घरी आले ते चपला न काढता खुर्चीत बसले. संध्याकाळी धाकटी आली. ती काकांपेक्षा बरीच लहान, काकांनी कडेवर घेऊन फिरवलेली. ओट्याला टेकून तिने सगळं ऐकलं, वाटाण्याची मान कुरवाळली, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "दादा, आमच्या सरदारचा विमा चालू आहे."

"मग?"

"मग काय? दोघं सारखेच काळे कुळकुळीत. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. आम्ही सरदारला आमच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेतो. त्या मोठ्या दवाखान्यात त्याला कोण ओळखतंय?"

"नाही नाही. भलतंच काय," काका म्हणाले. एकदाच म्हणाले.

काकूंनी मान वर केली. "भाऊजींना विचारलंत का, ताई?"

"त्यांना कशाला विचारायचं, वहिनी? त्यांना विचारलं तर आधी नियम वाचायला घेतील. विम्याचे निरोप सगळे माझ्या फोनवर येतात, त्यांना कळायचंसुद्धा नाही."

धाकटीचा नवरा गाडी चालवायच्या परवान्याची परीक्षा घ्यायचा. सख्ख्या पुतण्याला त्याने दोनदा नापास केलं होतं. काकूंनी त्याचं खाजगी नाव सीटबेल्ट ठेवलं होतं. त्याच्या घरी पाहुणा आत आला की पहिलं वाक्य 'या' नसायचं, 'फाटक लावा' असायचं.

"दादाचं कुत्रं पैशापायी मरू द्यायचं का मी?" धाकटी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. काकूंनी कपबश्या विसळायला घेतल्या. जरा जास्तच आवाज करून विसळल्या.

एकच अडचण होती. विम्याच्या कागदावर सरदारचा फोटो होता, आणि सरदारचा पुढचा उजवा पंजा पांढरा होता, दुधात बुडवून काढल्यासारखा. वाटाणा नखशिखांत काळा.

ही अडचण काकांनी सोडवली. सोडवताना त्यांना जरासा आनंदही झाला, ही त्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. दातांच्या पांढऱ्याच्या किती छटा असतात हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार! तळघरातून त्यांनी साच्यांची पांढरी भुकटी पुडीत बांधून आणली, तिच्यात किंचित पिवळसर मिसळली, फोटोशी ताडून पाहिली, आणि वाटाण्याला समोर बसवून म्हणाले, "दे हात."

वाटाण्याने हात दिला. देणारच, मुलाने शिकवलेली ती एकच विद्या त्याला येत होती. काकांनी ब्रशने पंजा रंगवला. वाटाणा शिंकला, पंजा चाटू लागला, काकांनी त्याचं तोंड बाजूला केलं.

"झालं का सोंग?" काकू दारातून म्हणाल्या. "शेपटीलाही लावा थोडं. शोभून दिसेल."

नाव शिकवायचाही प्रयत्न झाला. हातात बिस्किट धरून काका म्हणायचे, "सरदार!" की वाटाणा बिस्किट सोडून दाराशी पळायचा आणि फटीला नाक लावून हुंगायचा. कोणी नाही असं बघून परत यायचा. पुन्हा "सरदार!", पुन्हा दाराशी. पाच-सहा खेपा झाल्यावर काकूंनी बिस्किट काढून घेतलं आणि त्याला देऊन टाकलं. "पुरे करा. मुकं जनावर आहे म्हणून काय त्याला रोज फसवायचं?"

ऑपरेशन झालं आणि वाटाणा वाचला. ही गोष्ट खरी, आणि तिचा आनंद खरा. पहिल्यांदा तो स्वतःहून उठून पाणी प्यायला तेव्हा काका रडले. पण त्यानंतर तपासण्या, टाके, औषधं, पुन्हा तपासण्या, आणि दर खेपेला भुकटी, दर खेपेला ती हाक. डॉक्टर बाई मोठ्या मायाळू. "शाबास सरदार, शूर आहेस तू," म्हणून त्याची हनुवटी खाजवायच्या, आणि वाटाणा मान वळवून दाराकडे बघायचा.

"सारखं दाराकडे का बघतो हा?" त्यांनी एकदा विचारलं.

"घरी जायची घाई," काका म्हणाले. खोटं बोलायला अक्कल लागत नाही, सवय लागते. आणि ती लागलीच.

सवय वाटाण्यालाही लागली. काकांनी कपाटातून पट्टा काढला की तो येऊन बसायचा आणि न मागता उजवा पंजा पुढे करायचा. हा बाहेर जायचा विधी आहे असं त्याला वाटत असावं. काका तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघत नसत, फक्त पंज्याकडे बघत.

पावसाळा सरल्यावर एका सुटीच्या दुपारी काका-काकू धाकटीकडे गेले.

"फाटक लावा," भाऊजी आतून म्हणाले.

काकांनी फाटक लावलं. वाटाणा आणि सरदार एकमेकांच्या अंगावर आदळले, लोळले. चहा आला. भाऊजींनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "दादा, तुम्ही सुटलात बघा. विमा सोडलात ते बरं केलंत. आमच्या सरदारचा हप्ता या वर्षी किती केला माहितीये? पार कहर आहे. मी फोन केला. म्हटलं, बाबांनो, वयाचं समजू शकतो, पण एवढा? आमच्या कुत्र्याला वर्षभरात साधी सर्दी झाली नाही. तर तो पोरगा म्हणतो, हप्ता कुत्र्याच्या इतिहासावर ठरतो. कसला इतिहास? म्हटलं हा कुत्रा आहे, राजा नाही."

धाकटी कपात बघत होती. काकांना चहाचा ठसका लागला. काकूंनी त्यांच्या पाठीवर थापटलं, आणि ते थापटणं जरुरीपेक्षा जोरात होतं.

"मग काय केलंत?" काकांनी कसंबसं विचारलं.

"भरला. काय करणार? म्हातारपणी सोडायचं का त्याला?" भाऊजी म्हणाले. "आता या वर्षी नवीन कोट नाही शिवायचा, एवढंच. जुना आहे की."

काका-काकू फाटक लावून घरी निघाले. मग काकू म्हणाल्या, "त्यांच्या कोटाचं अस्तर फाटलंय. मी बघितलं."

"मीपण," काका म्हणाले. जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं त्यांना वाटलं. जमीन असं कोणाचं ऐकत नाही.

सांगून टाकू, असं त्यांनी कितीदा ठरवलं. तळघरात कवळी घासताना ते तोंडातल्या तोंडात वाक्यं जुळवायचे. 'भाऊजी, जरा बोलायचं होतं.' पण पुढचं वाक्य धाकटीवर जायचं. तिने नवऱ्यापासून लपवलं होतं, भावासाठी. मग वाक्य तिथेच मोडायचं. आणि खरं सांगायचं तर धाकटीचं निमित्त मिळतंय याचं काकांना बरंही वाटायचं.

थंडी पडली आणि वाटाण्याने खाणं सोडलं. डॉक्टर बाईंनी तपासलं, हातमोजे काढले, आणि खुर्ची ओढून काकांसमोर बसल्या. डॉक्टर खुर्ची ओढून बसला की समजावं.

"आत सगळीकडे पसरलंय. आता करण्यासारखं काही नाही. दुखतंय त्याला खूप. माझं ऐका, उद्या घेऊन या. शांतपणे जाऊ देऊ त्याला. एक सुई, झोपल्यासारखं होतं."

काकांनी वाटाण्याला उचलून घेतलं. घरी येऊन त्यांनी धाकटीला फोन केला. ती आधी खूप रडली. मग एकदम थांबली.

"दादा, तिथे नको."

"म्हणजे?"

"तिथे केलं तर सरदार गेला असं विम्याला कळेल ना? मग माझा सरदार... तो तर अंगणात फिरतोय. यांना काय सांगू मी? पुढचा हप्ता भरायला जातील तर म्हणतील, तुमचं कुत्रं मेलंय."

हे तिघांपैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. औषध सरदारच्या नावावर घेतलं, टाके त्याच्या नावावर घातले, पण मरणही त्याच्याच नावावर पडेल याचा विचार तेवढा राहून गेला होता.

"दुसरीकडे नेऊ," काका म्हणाले.

"दुसरा डॉक्टर ऑपरेशनचे कागद मागेल, दादा. कागदावर सरदारच." धाकटीचा आवाज बारीक झाला. "घरीच असू दे ना त्याला. आज-उद्याचाच तर आहे तो. घरीच... आपोआप... मी तुझ्या पाया पडते."

काका 'बरं' म्हणाले.

कुत्र्याचं आयुष्य चिवट. आज-उद्याचा म्हटलेला वाटाणा उद्याही होता आणि परवाही. स्वयंपाकघरात गोधडीवर पडून असायचा. श्वास घेताना कण्हायचा, आणि काका जवळ आले की कण्हणं थांबवून शेपटीचं टोक तेवढं हलवायचा. काका कापसाने त्याच्या तोंडात पाणी पिळायचे. ते बाहेर यायचं. एका सुईने सुटणारं जनावर आपण कशासाठी ठेवलंय, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आपली लाज झाकायला. काकूंनी दोन दिवस काकांना वाढलं, पण समोर बसल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या पदर खोचून समोर उभ्या राहिल्या. "मी गाडी बोलावलीय. तुम्ही येताय की मी एकटी नेऊ?"

"अगं, पण धाकटी—"

"धाकटी बोलते आहे, भाऊजी बोलतील, विमावाले बोलतील. सगळ्यांना तोंड आहे. याला नाही, म्हणून याने सोसायचं?"

काका उठले. कपाटातून त्यांनी पट्टा काढला. पट्टाही सरदारचाच जुना, गळ्याशी पितळी बिल्ला, त्यावर नाव. धाकटीने दिला होता, खात्री म्हणून. पट्ट्याचा आवाज ऐकून वाटाण्याने डोळे उघडले. उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग पडल्या पडल्या त्याने उजवा पंजा उचलला आणि काकांपुढे धरला.

पंजा थरथरत होता. तरी धरून ठेवला होता त्याने, भुकटीसाठी.

काका मटकन खाली बसले. तो पंजा दोन्ही हातांत घेतला आणि त्यावर कपाळ टेकलं. "नको रे," ते म्हणाले. "नको रे राजा. राहू दे. राहू दे आता." पुडी कपाटात तशीच राहिली.

दवाखान्यात थांबावं लागलं नाही. काउंटरवरची मुलगी स्वतः दार उघडून धरत हळूच म्हणाली, "या, सरदारला आत घ्या." पंज्याकडे तिने पाहिलं नाही. मदतनिसाने पाहिलं नाही. डॉक्टर बाईंनी तर तोच काळा पंजा हातात घेतला, केस कापले, नळी बसवली, आणि त्यांनीही काही पाहिलं नाही. इतके महिने छटा जुळवून लावलेली ती भुकटी कोणी कधी बघितलीच नव्हती.

"तयार आहात?" डॉक्टर बाईंनी विचारलं. काकूंनी मान हलवली. बाईंनी वाटाण्याच्या कपाळावर हात ठेवला. "शाबास सरदार. खूप शूर आहेस. शांत हो सरदार."

आणि वाटाण्याने मान उचलली. दोन दिवस पाण्यासाठी न उचललेली मान त्याने उचलली, आणि दाराकडे वळवली. कान उभे केले. शेपटी टेबलावर दोनदा आपटली. दार बंद होतं. तो बघत राहिला.

काकांना ते सहन होईना.

"वाटाण्या," ते म्हणाले. "वाटाण्या, तो नाही आला रे. मी आहे. इकडे बघ, बाळा. मी आहे."

वाटाण्याने मान वळवली आणि त्यांच्याकडे बघितलं. डॉक्टर बाईंचा हात थांबला.

"याचं नाव वाटाणा आहे," काका त्यांच्याकडे न बघता म्हणाले. "सरदार माझ्या बहिणीचा. तो धडधाकट आहे. विमा त्याचा. आम्ही फसवलं तुम्हाला. मी फसवलं. जे काय होईल ते मी भरीन, जन्मभर भरीन. पण याला याच्या नावाने जाऊ द्या."

मदतनीस छताकडे बघत होता. डॉक्टर बाईंचा चेहरा लाल झाला होता, आणि ती नुसती कणव नव्हती, रागही होता. "मला हे कळवावं लागेल," त्या म्हणाल्या.

"हो."

"ते बाहेर बोलू. आधी याचं." त्या टेबलाशी वाकल्या. "वाटाणा ना? शाबास, वाटाण्या."

तो काकांकडे बघत होता. बघता बघता त्याची मान काकांच्या तळहातात जड झाली.

संध्याकाळी काका एकटेच बहिणीकडे गेले. काकू येते म्हणाल्या होत्या, त्यांनीच नको म्हटलं. आत शिरताना फाटक लावायचं त्यांना सुचलं नाही. भाऊजी व्हरांड्यात जुना कोट घालून पेपर वाचत होते. ते काही म्हणायच्या आत काकांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वाक्यं जुळवलेली नव्हती, पण या वेळी मोडली नाहीत. धाकटी दाराशी येऊन थांबली होती, तोंडावर पदर धरून.

"कल्पना माझी होती," काका शेवटी म्हणाले.

"नाही, माझी," धाकटी म्हणाली.

भाऊजींनी पेपराची घडी घातली, मग पुन्हा उलगडली. "म्हणजे त्या दिवशी हप्ता का वाढला म्हणून मी इथे बडबडत होतो..."

"हो."

"तुम्ही चहा पीत होता."

"हो, भाऊजी."

"आता सरदारचा विमा जाणार. या वयात दुसरं कोणी घेणार नाही त्याला."

"माहीत आहे."

"मला विचारायचं तरी, दादा."

"लाज वाटली."

"मागायची वाटली," भाऊजी म्हणाले. आवाज चढला नव्हता. "चोरायची नाही वाटली."

काकांनी मान खाली घातली. खिशातून त्यांनी पट्टा काढला, बिल्ला शर्टाच्या टोकाने पुसला, आणि पायरीवर ठेवला.

तेवढ्यात घराच्या मागून सरदार धावत आला. काकांभोवती दोन फेऱ्या मारल्या, त्यांचे हात हुंगले, पट्टा हुंगला. पट्ट्याशी तो बराच वेळ थांबला. काका त्याच्यापुढे गुडघ्यावर बसले.

"वाटाणा गेला रे," ते म्हणाले.

वाटाणा म्हटल्याबरोबर सरदारचे कान उभे राहिले. शेपटी हलू लागली. काकांना ओलांडून तो पायऱ्या उतरला आणि अंगणात जाऊन उभा राहिला, उघड्या फाटकाकडे तोंड करून.

भाऊजी उठले. कोटाची बटणं लावत ते सावकाश फाटकापर्यंत गेले, कडीवर हात ठेवला. एकदा बाहेर रस्त्याकडे बघितलं, एकदा सरदारकडे. मग कडी सोडून दिली, आणि फाटक तसंच उघडं ठेवून ते त्याच्या शेजारी उभे राहिले.